सुरतेच्या लुटीतला होन : सोनं खरं, गोष्ट खोटी

शिवराई होन विकायला येतो तेव्हा एकटा येत नाही, त्याच्यासोबत एक गोष्ट येते. आपल्या नवागाम-डिंडोली-लिंबायत पट्ट्यात ही गोष्ट आता जवळजवळ पाठ झाली आहे. महाराजांनी सुरत लुटली त्या वेळी एका मावळ्याच्या कमरेच्या कशातून हा होन पडला, कुणाच्या तरी घराचा पाया खणताना सापडला, आणि आता मुलीचं लग्न आहे म्हणून नाइलाजाने काढायचा आहे. कधी मावळ्याच्या जागी सावकार येतो, पायाच्या जागी पडकी विहीर. फोटो बदलतो, भाव बदलतो, गोष्ट तीच राहते. मंडळाकडे असे फोटो येतात आणि प्रत्येकासोबत एकच प्रश्न असतो: "भाऊ, खरा आहे का?" त्याचं उत्तर शोधण्यासाठी लोक ज्या युक्त्या वापरतात, त्या युक्त्यांचं परीक्षण करावं म्हणून हे टिपण. पण आधी गोष्टीचं परीक्षण करू, कारण ते फुकट होतं आणि त्याला भिंगही लागत नाही.

महाराज सुरतेवर पहिल्यांदा आले जानेवारी १६६४ मध्ये, दुसऱ्यांदा ऑक्टोबर १६७० मध्ये. राज्याभिषेक झाला ६ जून १६७४ रोजी. शिवराई होनावर एका बाजूला तीन ओळींत 'श्री / राजा / शिव' आणि दुसऱ्या बाजूला दोन ओळींत 'छत्र / पति' एवढाच मजकूर असतो. छत्रपति हे पद राज्याभिषेकाचं. म्हणजे दुसरी लूट झाली तेव्हाही हा होन पडायला साडेतीन वर्षांहून अधिक काळ बाकी होता. यावर कुणी ग्रँट डफचा आधार काढतो. शहाजीराजांच्या मृत्यूनंतर शिवाजीराजांनी 'राजा' हे पद घेतलं आणि नाणी पाडायला सुरुवात केली, असं डफ लिहितो खरं. पण शहाजीराजे वारले २३ जानेवारी १६६४ ला. पहिली लूट आटोपून मराठी फौज सुरतेतून निघाली त्याला तोवर दोन आठवडे होत आले होते. १६७० चं म्हणाल, तर महाराजांनी सुरतेत येऊन स्वतःच्याच नावाचं नाणं लुटून नेलं, असं मानावं लागेल!

मग सुरतेच्या तिजोऱ्यांत होतं काय? सुरत हे मोगलांचं बंदर आणि मोगलांची टाकसाळ. जहाजांतून येणारी परदेशी चांदी, त्यात स्पॅनिश रियाल फार, इथे वितळून रुपये पाडले जात. सोन्याच्या मोहराही पाडल्या जात. वीरजी व्होरासारख्या धनिकाच्या घरातून जे गेलं त्यात शाहजहान आणि औरंगजेबाची नाणी असणार हे उघड आहे. ती सगळी फारसी अक्षरांची. मोहर सुमारे अकरा ग्रॅमची, म्हणजे वजनात होनाच्या जवळजवळ चौपट. तेव्हा 'सुरतेच्या लुटीतलं नाणं' असं कुणी खरोखर दाखवलं, तर त्यावर देवनागरी दिसताच कामा नये. ही एवढी गोष्ट आपल्या शाळेतल्या पोराला सांगितली तरी निम्मे सौदे जागच्या जागी बंद होतील.

एक सुधारलेली आवृत्तीही फिरते. लुटीचं सोनं रायगडावर नेऊन वितळवलं आणि त्याचे होन पाडले, म्हणून हा 'सुरतेच्या सोन्याचा' होन. हा दावा चतुर आहे, कारण वितळलेल्या सोन्याला गाव नसतं. नाण्याकडे बघून तो खोडताही येत नाही आणि सिद्धही करता येत नाही. विकणाऱ्याला तेच हवं असतं.

आता युक्त्यांकडे वळू. मोबाइलवर फिरणाऱ्या याद्यांमध्ये साधारण हेच असतं: चुंबक लावून बघा, दगडावर टाकून आवाज ऐका, वजन करा, सोनाराकडे कस लावा, मशीनवर टच काढा. या यादीवर माझा आक्षेप असा की ती सोन्याची परीक्षा घेते, नाण्याची नाही. होनात तीन ग्रॅमही सोनं नसतं; वजन पावणेतीन ग्रॅमच्या आसपास. एवढ्या सोन्याची किंमत आणि खरा शिवराई होन म्हणून मागितली जाणारी किंमत यांत इतकं अंतर आहे, की बनावट करणारा सोन्यात कंजुषी कशाला करील? तो चांगलं सोनं घालतो, वजनही बरोबर ठेवतो, आणि तुम्ही सोनाराकडे गेलात की मनात हसतो. सोनार खरंच सांगतो: "सोनं चोख आहे." गिऱ्हाईक ऐकतं: "होन खरा आहे." फसवणूक या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत होते, आणि तिथे सोनाराचा दोष नसतो.

चुंबकाचं तर विचारूच नका. पितळ, तांबं, चांदी, शिसं, कशालाच चुंबक लागत नाही. आवाजाची परीक्षा रुपयासाठी बरी. एवढ्याशा जाड नाण्याचा, त्यातही काठाला हातोडीची चीर गेलेली असली तर, खऱ्याचाही आवाज बद्दच येईल. कसोटीच्या दगडावर घासण्याने मात्र खरं नुकसान होतं: नाणं खरं निघालं तर त्याच्या काठावर आपण कायमची जखम केली, आणि उत्तर मिळालं फक्त सोन्याचं.

पाण्यात वजन करण्याची पद्धत यादीतली सगळ्यात शास्त्रीय म्हणून सांगितली जाते. तत्त्व बरोबर आहे: हवेतलं वजन भागिले पाण्यात कमी झालेलं वजन, म्हणजे घनता, शुद्ध सोन्याची १९.३ येते. पण आकडेमोड करून बघा. २.८० ग्रॅमचं शुद्ध सोनं पाण्यात फक्त ०.१४५ ग्रॅमने हलकं होतं. बाजारात मिळणारा साधा काटा दोन दशांश दाखवतो, म्हणजे तो एकतर ०.१४ दाखवील नाहीतर ०.१५. पहिल्या आकड्याने घनता येते २०, दुसऱ्याने १८.७. एक अशक्य, दुसरी शंकास्पद, आणि नाणं तेच! अकरा ग्रॅमच्या मोहरेला ही पद्धत बऱ्यापैकी चालते. होनाला एक मिलिग्रॅमपर्यंत मोजणारा काटा आणि केसाएवढ्या दोऱ्याने नाणं टांगण्याची तयारी लागते. आणि एवढं करून कळणार काय, तर पुन्हा सोनंच.

गंमत अशी, की ज्या काळात होन चालत होता त्या काळी हाच प्रश्न योग्य होता. राज्याभिषेकाला रायगडावर आलेला इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडन कराराची कलमं घेऊन आला होता. त्यात एक मागणी अशी की इंग्रजांचं नाणं महाराजांच्या मुलखात चालावं. त्यावर उत्तर मिळालं ते असं, की कुठलंच नाणं चालायला आमची मनाई नाही, पण रयतेला तोटा होईल असं नाणं घेण्याची सक्तीही आम्ही करणार नाही. तुमचं नाणं मोगलांच्या नाण्याइतकं शुद्ध आणि वजनाचं असेल तर ते चालेल. तेव्हाच्या पेठेत नाण्याचं खरेपण म्हणजे कस आणि तोल. सराफाला नाव कुणाचं आहे याच्याशी फार कर्तव्य नव्हतं. आज आपण होनाला जी किंमत देतो ती मात्र कसाची नाही आणि तोलाचीही नाही. हा तुकडा रायगडाच्या राज्यात पाडला गेला, या नात्याची ती किंमत आहे. प्रश्न बदलला, आणि आपण अजून साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या सराफाची हत्यारं घेऊन बसलोय.

हे नीट समजायचं तर घरातल्या पुतळ्या काढून बघा. जळगाव-धुळे-नंदुरबारकडून ताप्ती लाइनने इकडे आलेल्या कितीतरी घरांत आजीची पुतळ्यांची माळ असेल, नाहीतर निदान तिची आठवण. या पुतळीचं मूळ व्हेनिसच्या डुकाट नावाच्या नाण्यात आहे. ते १२८४ पासून पाडलं जात होतं, वजन साडेतीन ग्रॅमच्या आसपास आणि सोनं अतिशय शुद्ध. एका बाजूला संत मार्कसमोर गुडघे टेकलेला व्हेनिसचा अधिपती, दुसऱ्या बाजूला चांदण्यांच्या वेढ्यात उभा येशू. हे नाणं समुद्राने आपल्याकडे इतकं आलं, आणि दागिन्यासाठी इतकं आवडलं, की इथल्या कारागिरांनी त्याच्या नकला पाडल्या. चित्रं ओबडधोबड झाली, लॅटिन अक्षरांच्या नुसत्या रेघा झाल्या, पुढे पुढे तर मूळचा संत कोण हे ओळखण्याची सोयच उरली नाही. पण ज्याने ती माळ केली त्याने कुणाला फसवलं नाही. घेणारीला सोनं आणि घाट हवा होता, तो तिला मिळाला. नक्कल वेगळी, खोट वेगळी. तीच पुतळी आज कुणी 'व्हेनिसचं अस्सल नाणं' म्हणून विकायला काढली, तर त्याच क्षणी ती खोटी होते. धातूत एका गुंजेचाही फरक न पडता.

तेव्हा नाण्याची परीक्षा ठशात करायची, घडणीत करायची.

जुना ठसा माणसाने हाताने कोरला. अक्षर खोदताना कलमाने आत जाताना खोल आणि बाहेर येताना उथळ अशी रेघ पडते, त्यामुळे नाण्यावर अक्षराची जाडी वाहती दिसते. भोवतीच्या टिपक्यांचं कडं एकेक टिपका ठोकून केलेलं, म्हणून अंतरं थोडी कमीजास्त, आणि जिथे वर्तुळ मिटतं तिथे दोन टिपक्यांची दाटी किंवा एक मोकळी फट. संगणकावर आखून यंत्राने कापलेल्या ठशात टिपके घड्याळाच्या काट्यासारखे पडतात, अक्षरांच्या भिंती सरळ उभ्या आणि सगळीकडे उंची एकच. भिंगाखाली हा फरक पहिल्याच नजरेत दिसतो. पुष्कळ बनावट होनांवरची 'श्री' तर लग्नपत्रिकेवरून उचलल्यासारखी असते.

ओतीव नकलेचं लक्षण वेगळं. साच्यात ओतलेल्या नाण्याला अक्षरांच्या कडा साबणासारख्या मऊ येतात, सपाट भागावर बारीक छिद्रं राहतात, आणि काठावर साच्याची जोड घासून काढल्याच्या खुणा सापडतात. म्हणून काठाचा फोटो हवाच. विकणारे दोन्ही बाजूंचे फोटो उत्साहाने पाठवतात. काठाचा मागितला की दोन दिवस उत्तर येत नाही.

पण माझ्या मते सगळ्यात उपयोगाची परीक्षा तुलनेची आहे आणि तीच यादीत कधी नसते. एकाच ठशातून दोन नाणी निघू शकतात, त्यात संशयाचं काही नाही. पण हाताने पाडलेल्या नाण्यात सोन्याची चकती दर वेळी थोडी वेगळ्या आकाराची, ठशाखाली थोडी वेगळी सरकलेली, हातोडीचा घाव वेगळा, काठाची चीर वेगळी, पुढे दीडशे-दोनशे वर्षांची झीज वेगळी. दोन 'वेगवेगळ्या' होनांवर अक्षरं डावीकडे सारखीच सरकली असतील, 'ज'च्या काठाशी तोच ओरखडा असेल, झीजही तीच, तर ती दोन नाणी नाहीत. एकाच आईची ओतलेली पोरं आहेत. निदान एक तरी खोटं, बहुधा दोन्ही. म्हणून आलेला प्रत्येक फोटो जपून ठेवायचा. एकेकट्या फोटोत न दिसलेली खोट दोन फोटो शेजारी ठेवले की उघडी पडते.

शुद्धलेखन हाही चांगला साक्षीदार आहे, फक्त त्याला जपून वापरावं लागतं. होनावर 'पति' ऱ्हस्व आहे. आजच्या मराठीत आपण 'छत्रपती' दीर्घ लिहितो, आणि बनावट करणारा आजचा माणूस असल्याने त्याचा हात दीर्घावर जातो. सोन्यावर दीर्घ 'ती' दिसली की मी पुढे बघतच नाही. पण हाच नियम तांब्याच्या शिवराईला लावू नका. ती पुढे एकोणिसाव्या शतकापर्यंत अनेक ठिकाणी पाडली गेली, तिच्यावर 'पती' सापडते, 'सिव' सापडतं, 'शीव'ही सापडतं. तांब्याच्या उत्तरकालीन शिवराईचं अक्षर बघून सोन्याचा ठसा करणारेही आहेत. त्यांचा होन म्हणजे पणतवाच्या चेहऱ्याचा पणजोबा. आणि खऱ्या तांब्याच्या शिवराईला सोन्याचा मुलामा देऊन होन म्हणून दाखवणारे तर वजनालाच सापडतात, कारण ती अकरा-बारा ग्रॅम भरते.

ज्यावर महाराजांचं चित्र आहे, राजमुद्रेचा श्लोक आहे, किंवा १६७४ असा आकडा आहे, त्यावर वेळ घालवू नये. होनावर चित्र नाही, साल नाही, आणि राजमुद्रा कागदावर उठवायची होती. महाराजांचं चित्र असलेलं नाणं निघालं ते भारत सरकारचं, १९९९ मध्ये, दोन रुपयांचं.

जुनं दिसण्यावरही भुलू नये. सोनं काळं पडत नाही; अक्षरांच्या बेचक्यात माती आणि लाखेचा थर बसवणं हे दुपारचं काम आहे. जर्मनीत कार्ल विल्हेल्म बेकर (१७७२ ते १८३०) म्हणून एक होऊन गेला. तो ग्रीक-रोमन नाण्यांचे ठसे स्वतः कोरी, चकतीसाठी पुष्कळदा खरीच पण स्वस्त जुनी नाणी वापरी, म्हणजे सोनंही जुनंच! मग ती नाणी लोखंडाच्या किसाबरोबर डब्यात घालून डबा घोडागाडीला बांधायचा आणि फेरफटका मारायचा. धक्क्यांनी कडा आपोआप झिजत. त्याचे ठसे पुढे बर्लिनच्या संग्रहालयात गेले आणि आज अभ्यासक त्याच ठशांशी ताडून त्याची नाणी ओळखतात. आपल्याकडे बनावट होनांचे ठसे असे कुणी जमवलेले दिसत नाहीत.

इथे मला आपल्यासारख्या वारसाप्रेमी मंडळींबद्दलच तक्रार करायची आहे. शिवजयंतीला आणि राज्याभिषेक दिनाला होनाचे शेकडो फोटो फिरतात. त्यांतल्या किती फोटोंखाली वजन असतं? व्यास? नाणं कुठल्या संग्रहात आहे ते? पुष्कळदा एकच बाजू असते, आणि ते नाणं म्हणजे गडावर विकत मिळालेली प्रतिकृती असते. प्रतिकृती करण्यात गैर काही नाही, पण तिच्यावर 'प्रतिकृती' असं कोरायची आपल्याला लाज का वाटावी? अमेरिकेत १९७३ पासून नाण्याच्या नकलेवर तसा शब्द उठवणं कायद्यानेच बंधनकारक आहे. आपल्याकडे होतं काय, की प्रतिकृतीचा फोटो 'अस्सल होन' म्हणून फिरतो, बनावट करणारा त्यावरून ठसा करतो, आणि गिऱ्हाईक त्याचं नाणं त्याच फोटोशी ताडून म्हणतं, "हुबेहूब आहे, म्हणजे खरा." खोट्याला खोट्याचीच साक्ष. आपल्या भागात लूमवर आयुष्य काढलेल्या माणसाने निवृत्तीचे पैसे अशा सौद्यात घालावेत, आणि त्याची खात्री पटवायला आपल्याच प्रेमाने पुढे पाठवलेला फोटो वापरला जावा, हे मला फार लागतं.

आकड्यांचंही तसंच. ऑक्झिंडनने तुलेचं सोनं सुमारे सोळा हजार होन लिहिलंय. मग लोक म्हणतात, सोळा हजार शिवराई होन पाडले होते, म्हणजे घरोघरी असणारच. पण सभासदाच्या बखरीत खजिन्यातल्या नाण्यांची यादी आहे. तीत शिवराईच्या जोडीला इभ्रामी, सतलामी, अच्युतराई, देवराई, कावेरीपाक असे कितीतरी होन आहेत. जुन्या कागदात 'होन' म्हटलं की तो शिवराईच, असं नाही. विजयनगरच्या परंपरेतला होन तर साडेतीन ग्रॅमच्या जवळचा. या सोळा हजारांना २.८ ने गुणून महाराजांचं वजन काढणाऱ्यांनीही हे जरा ध्यानात घ्यावं.

घरात पिढीजात नाणं असेल आणि शंका असेल, तर ते घासू नका, धुऊ नका, आम्लात बुडवू नका. दोन्ही बाजू आणि काठ यांचे मोजपट्टीसह फोटो, मिलिग्रॅममध्ये वजन, आणि नाणं घरात कधी, कुणाकडून आलं याची जेवढी माहिती असेल तेवढी एका कागदावर. मग माहेश्वरी आणि विगिन्स यांचा 'मराठा मिंट्स अँड कॉइनेज' हा १९८९ चा ग्रंथ मिळवून त्यातल्या चित्रांशी ताडा. नाशिकजवळ अंजनेरीला, त्र्यंबकच्या रस्त्यावर, नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे. इथून एका दिवसाचा प्रवास. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं नाण्यांचं दालन बघितलेलं असलं तर डोळा आणखी तयार होतो. फोटोवर पैसे ठरवू नका, आणि "आज रात्रीच निर्णय सांगा" असं म्हणणाऱ्याला आज रात्रीच नाही म्हणा.

राहिला 'पाया खणताना सापडला' हा मुद्दा. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं धन कलेक्टरला कळवावं लागतं. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येतं आणि अशा वस्तू विकण्याचा धंदा करायला परवाना लागतो. तेव्हा पायात सापडलेला होन दाखवणाऱ्याला एवढंच विचारायचं: कलेक्टर कचेरीत दिलेल्या अर्जाची पोच आहे का? आमच्याकडे आलेल्या फोटोंपैकी एकाही विक्रेत्याने या प्रश्नाला अजून उत्तर दिलेलं नाही.